काचेवरचा वाघ

आबांच्या पेटीत चार बुटक्या पायांची एक काच होती. लहानपणी मला वाटे, ती देवघरातली असावी. आबा मोहर्लीकडच्या जंगलात वनमजूर होते आणि उन्हाळ्यात वाघांची गणना आली, की ही काच बाहेर निघे; तिला 'ट्रेसर' म्हणत. धुळीतल्या पंजावर ती काच ठेवायची, वरून पेनाने कडा गिरवायच्या, मग तो ठसा कागदावर उतरवायचा. घ्यायचा मागचा डावा पाय. नराचा पंजा चौकोनी, मादीचा लांबट.

ही पद्धत बसवली ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी. तिच्याच जोरावर १९७२ साली देशातले वाघ पहिल्यांदा मोजले आणि आकडा आला १८२७. आबांना त्या आकड्याचं काही नव्हतं. ते एक गोष्ट मात्र रंगवून सांगत. एक वाघीण पहाटे फुफाट्यातून निघाली आणि नाल्याच्या चिखलातून पलीकडच्या बीटात, म्हणजे दुसऱ्या मजुराच्या हद्दीत, गेली. चिखलात पंजा पसरला. तिकडच्याने वेगळा ठसा घेतला आणि कागदावर वाघिणी झाल्या दोन! "पिल्लं न होताच वाढली," म्हणून आबा खोकला येईपर्यंत हसत.

२००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्काची बातमी आली, तेव्हा ते हसले नाहीत. तिथे कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता.

पुढे कॅमेरे आले. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत ते नव्वदच्या दशकातच लावले होते. २००६ च्या देशव्यापी गणनेत कॅमेऱ्यांचा आधार घेतला आणि आकडा उतरला १४११ वर. २०१८ च्या गणनेत तर साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांत वाघांचे ७६,६५१.

आबा ऐंशीच्या घरात असताना गावाबाहेरच्या वाटेवर मी त्यांना समोरासमोर बांधलेले दोन कॅमेरे दाखवले. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून दोन.

"दिसला थो एक," आबा म्हणाले. "दिसला नाही थो कोन मोजन?"

मी गणित समजवायला लागलो. पहिल्या खेपेला टिपलेल्यांपैकी किती जण पुन्हा टिपले जातात, यावरून न टिपलेल्यांचा अंदाज बांधतात. अर्ध्यातच त्यांनी मला थांबवलं. "म्हंजे बाजारच. दुसऱ्या आठवड्यात सारे वळखीचेच भेटले, तर गाव लहान. नवेच भेटत राह्यले, तर मोठं."

मला हे कळायला एक अख्खं पुस्तक लागलं होतं.

कॅमेऱ्याकडे पाठ करून आबा वाकले. "मादी. आज पहाटची." मग काठीने पंजाभोवती गोल काढला, कुणाचा पाय पडू नये म्हणून.