विपणन-खर्चाचा परतावा (मार्कंडा यात्रा)

जाहिरात व विक्रीवाढीवरील खर्चामुळे मिळालेल्या जादा नफ्यातून तो खर्च वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेचे खर्चाशी असलेले प्रमाण. त्याची वास्तव अपेक्षा कशी धरावी, हे गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा (ता. चामोर्शी) येथील महाशिवरात्रीच्या यात्रेत स्पष्ट दिसते. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. काठावर प्राचीन, शिल्पसमृद्ध मंदिरसमूह असून या स्थानाला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. गर्दी जमते ती देवदर्शनासाठी. त्यामुळे यात्रेतील सगळी विक्री जाहिरातीच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरते. फलक नसता तरी झाली असती ती विक्री आधी वगळावी लागते.

समजा, मध व बांबूच्या वस्तू विकणाऱ्या बचत गटाने फलक, भोंगा व पत्रकांवर १०,००० रुपये घातले आणि त्यामुळे विक्री ४०,००० रुपयांनी वाढली. पैसे चौपट झाले असे वाटते. पण माल, वाहतूक व मजुरी जाऊन रुपयामागे २५ पैसे उरत असतील, तर जादा नफा १०,००० रुपये आणि परतावा शून्य! बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. नुसती बरोबरी साधायलाही खर्चाच्या चौपट जादा विक्री लागते, हे गटाला पैसे घालण्यापूर्वीच कळले पाहिजे.

तिथीनुसार यात्रा कधी फेब्रुवारीत, कधी मार्चमध्ये येते. दोन वर्षांची तुलना करताना धानाचे पैसे लोकांच्या हाती आले होते का, हेही पाहावे. यात्रेत जोडलेले गिऱ्हाईक पुढे चामोर्शीच्या बाजारातही माल मागते. पत्रक घेऊन येणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवल्यास हा उशिराचा लाभ मोजता येतो.