बट्टा, हुंडणावळ आणि खात्याचे मोल

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पैनगंगा ही दोन राज्यव्यवस्थांमधील सीमा ठरली. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे यवतमाळ-पुसदकडून माहूरच्या रेणुकेस जाणाऱ्या यात्रेकरूस नदीबरोबर नाणेही ओलांडावे लागे. उत्तर तीरावर इंग्रजी कलदार रुपया, दक्षिण तीरावर निजामाचा हाली सिक्का. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहास सात, हा पुढे रूढ झालेला भाव होय. परंतु भाव ठरला म्हणून सराफाने रुपया फुकट बदलून दिला, असे जगात कोठे घडले आहे? तो आपला बट्टा घेणारच. देवीच्या पायाशी जाण्यापूर्वी भाविकाला असा एक लहानसा कर सराफाच्या गादीवर भरावा लागे.

रोजच्या व्यवहाराच्या खात्याबद्दल बँकेने ग्राहकाकडून पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न आज आपण अगदी नवा म्हणून मांडतो. वस्तुतः पैसा सांभाळणे, पारखणे व पोचविणे ह्या कामांचे मोल आपल्याकडे फार पूर्वीपासून घेतले जात आले आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी इत्यादी अनेक तऱ्हांचे रुपये एकाच वेळी चालत. त्यांचा कस निरनिराळा. म्हणून पारख करणारा पोतदार हवा, आणि कमअस्सल नाण्यावर बट्टा हवा. पुण्याचा पैसा नागपुरास न्यावयाचा तर वाटेत चोरांचे भय. तेव्हा हुंडी करावी आणि सावकाराला हुंडणावळ द्यावी. ही हुंडणावळ केवळ अंतरावर ठरत नसे. कोणत्या पेठेचे कोणत्या पेठेवर देणे अधिक आहे, ह्यावरही ती चढे-उतरे. ‘नावाला बट्टा लागणे’ हा आपल्या भाषेतील प्रयोग ह्याच गादीवरून घरात आला, हे मात्र आपण विसरलो आहो.

ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सराफाशी घासाघीस करण्याची सोय व्यापाऱ्याला होती. सरकारी सारा भरणाऱ्या कुणब्याला ती कोठची? त्याच्या हाती जे नाणे आले ते त्याने भरावे आणि वरून बट्टाही सोसावा, असाच बहुधा प्रकार. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बट्टा असो वा हुंडणावळ, ती कोणत्या तरी कामाबद्दल होती. ‘तुझ्याजवळ पैसा थोडा आहे, म्हणून दंड दे’ असे म्हणण्याची कल्पना सावकाराला सुचली नव्हती. थोड्या पैशाच्या माणसाला तो दारातच उभे करीत नसे, हेही तितकेच खरे!

लहान व्यवहाराविषयीचा हा तिटकारा युरोपातही दिसतो. १६०९ साली स्थापन झालेल्या आम्स्टरडॅमच्या बँकेत खाते उघडण्यास दहा गिल्डर पडत. पुढे प्रत्येक वर्गणीस, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळविण्यास, दोन स्टायव्हर. पण रक्कम तीनशे गिल्डरांहून कमी असेल तर सहा. अॅडम स्मिथने ह्याचे कारण स्पष्ट दिले आहे : किरकोळ व्यवहारांची गर्दी नको. ती बँक मोठ्या व्यापाऱ्यांसाठी होती आणि तिने तसा आवही आणला नव्हता. आमच्या बँका मात्र सर्व लोकांसाठी आहेत असे सांगतात. म्हणून त्यांस वेगळी कसोटी लावणे प्राप्त आहे.

मराठवाड्यापुरते पाहिले तर ही कथा हैदराबाद स्टेट बँकेची आहे. १९४१ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि एप्रिल १९४२ मध्ये तिचा व्यवहार सुरू झाला. हाली सिक्क्याची व्यवस्था हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढील दशकात हाली रुपया गेला. १९५६ साली किनवट तालुक्याबरोबर माहूर आदिलाबादेतून नांदेडात आले आणि त्याच वर्षी बँकेचेही नाव पालटून ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. योगायोग असा की, बचत खात्यात ठराविक सरासरी शिल्लक न ठेवणाऱ्यांवरील आकार स्टेट बँकेने पाच वर्षांच्या खंडानंतर नेमका त्याच दिवसापासून पुन्हा सुरू केला. खेड्यातील शाखेत ही मर्यादा हजार रुपयांची होती. जनधन खाती ह्यातून वगळली होती; तरीही एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ ह्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा झाले. जुलै ते सप्टेंबर ह्या तिमाहीतील बँकेच्या नफ्याहून ही रक्कम मोठी होती. ओरड झाली, दर उतरले, आणि मार्च २०२० मध्ये आकार रद्द झाला.

बँकेची बाजू अगदीच पोकळ नाही. कारकून, इमारत, यंत्रे ह्यांचा खर्च कोणी तरी सोसलाच पाहिजे. खातेदाराने न सोसला तर कर्जदार सोसील. धनादेशाचे पुस्तक, परगावची वसुली, हमीपत्र ह्यांचे मोल बँकेने अवश्य घ्यावे. ती आजची हुंडणावळच आहे. परंतु खाते नुसते असण्याचे मोल ग्राहक आधीच देत असतो. चालू खात्यावर व्याज देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दुकानदाराचे वीस हजार वर्षभर पडून राहिले आणि बँकेने ते दहा टक्क्यांनी कर्जाऊ दिले, तर दोन हजार रुपये तिला त्याच्याकडून न मागता मिळाले. एवढ्यावर शिल्लक घटली म्हणून पुन्हा आकार घेणे, ह्यास सेवेचे मूल्य कसे म्हणावे?

बचत खात्याचा गवगवा झाला. चालू खात्याची बाजू कोणी फारशी घेत नाही, कारण ते व्यापाऱ्याचे खाते आणि व्यापारी म्हणजे सधन, असा आपला समज. माहूरच्या गडाखाली कुंकू, नारळ, खण विकणारा माणूसही व्यापारीच आहे. त्याचा धंदा आश्विनातील नवरात्रात आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला; ऐन पावसाळ्यात गिऱ्हाईक तुरळक. बहुतेक बँकांत किमान शिल्लक महिन्याच्या किंवा तिमाहीच्या सरासरीने मोजतात. म्हणून आकार बसतो तो नेमका आषाढ-श्रावणात. नवरात्रात त्याच खात्यात जी रक्कम बिनव्याजी पडून होती, तिचा हिशेब त्या वेळी कोणी काढीत नाही.