गणेशखिंडीतला बंगला आणि सावित्रीबाईंचं नाव

परवा शेजारच्या पोरीला विद्यापीठात सोडायला गेलो होतो. एम.ए.ला प्रवेश मिळालाय, राज्यशास्त्र. वडील टोमॅटोच्या तोडणीत अडकलेले, म्हणून मला म्हणाले, "दादा, तुम्ही पुण्यात शिकलाय, तुम्हीच सोडून या." नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण, भोसरी, दापोडी असं करत निघालो आणि विद्यापीठ चौकात व्हायचं तेच झालं. गाडी जागची हलेना. याच चौकातला उड्डाणपूल पंधरा वर्षंही टिकला नाही, २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. त्या पुलावर एक वेगळी पोस्ट होईल, आज नको. गर्दीतून एकदाचे आत गेलो तेव्हा पोरीनं झाडांमधून दिसणारा तो उंच मनोरा बघितला आणि विचारलं, "काका, हा राजवाडा कुणाचा होता?"

उत्तर पाच मिनिटांत आटोपण्यासारखं नव्हतं. गाडीत अर्धवट राहिलं, ते इथं लिहितोय.

हा बंगला मुंबईच्या गव्हर्नरचा. इंग्रजांच्या काळात गव्हर्नरसाहेब एका जागी राहत नसत. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. पुण्यातला त्यांचा आधीचा मुक्काम दापोडीला होता, म्हणजे आम्ही ज्या रस्त्यानं आलो तिथंच. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि त्यांना नवं घर हवंसं वाटलं. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं होतं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. त्या भरात १८६४ च्या सुमारास गणेशखिंडीत काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये पुरं झालं. तोवर फ्रियर परत गेले होते, कापसाची तेजी १८६५ मध्येच बसली होती आणि बांधकामाचा खर्च अंदाजाच्या पार पुढे गेला होता. इतका, की विलायतेच्या पार्लमेंटात त्यावरून टीका झाली. सरकारी कामाचं एस्टिमेट फुगणं आपल्याकडे जुनंच आहे म्हणायचं.

जमिनीखालून जाणारा भुयारी रस्ता, मोठा नाचाचा हॉल, ऐंशी फुटी मनोरा, असा सगळा थाट. पैसा कुणाचा? शेतसाऱ्याचा. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यातलं मुख्य दुखणं हेच होतं. सरकारची बरीचशी मिळकत कष्टकरी रयतेच्या घामातून येते, तिच्या पोरांना साधी प्राथमिक शाळा मिळत नाही आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असं त्यांनी सरकारला तोंडावर सुनावलं. तेव्हा गणेशखिंडीतला बंगला बांधून अकरा वर्षं झाली होती.

आता १८९७ कडे या. पोरीला हे सांगताना माझा मलाच हिशेब नव्यानं लागला.

त्या वर्षी पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तिथं आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६.

शहरात तेव्हा प्लेग कमिशनर रँडचा अंमल होता. गोरे सोजीर घरात घुसायचे, सामान बाहेर फेकायचे, बायाबापड्यांची तपासणी करायचे. लोक रोगापेक्षा इलाजाला जास्त भ्यायला लागले होते. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली, म्हणून गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे याच बंगल्यात मोठा समारंभ झाला. दिव्यांची रोषणाई, मेजवानी. रात्री पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गाठलं. लेफ्टनंट आयर्स्ट जागेवर मेला, रँड ३ जुलैला. पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिन्ही भाऊ आणि त्यांचा साथीदार रानडे फासावर गेले. पटवर्धनांचा '२२ जून १८९७' हा सिनेमा ज्यांनी बघितलाय त्यांना ती रात्र डोळ्यांपुढे येईल.

चापेकरांची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे, सावित्रीबाईंची आता आता कळायला लागलीय. पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, एकाच साथीतल्या, मध्ये साडेतीन महिनेसुद्धा नाहीत, हे मीही कधी एकत्र ठेवून बघितलं नव्हतं. मार्चमध्ये रोग्याला पाठीवर घेऊन जाणारी बाई गेली आणि जूनमध्ये या बंगल्यात दिवे लागले. आज बंगल्याच्या दारावर नाव तिचं आहे.

ते नाव लागायला वेळ लागला. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ हवं म्हणून सरकारनं १९४२ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांची समिती नेमली. स्वातंत्र्य मिळालं आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, जयकरच पहिले कुलगुरू. कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निझाम गेस्ट हाऊसमधून चालायचा. मग मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या सरकारनं गणेशखिंडीची ही चारशे एकरांवरची जागा बंगल्यासकट देऊन टाकली. आजच्या दरानं चारशे एकर म्हणजे काय, ते औंध-बाणेरला फ्लॅट बघून आलेल्यांना विचारा. आज असा निर्णय झाला असता का, मला शंकाच आहे.

सुरुवात १८ कॉलेजं आणि आठेक हजार विद्यार्थ्यांवर झाली. हद्द मात्र बारा जिल्ह्यांची. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९० मध्ये जळगाव-धुळे गेले. राहिले पुणे, नगर, नाशिक.

आवारात काय काय शिकवतात ते पोरीला दाखवत दाखवत फिरलो. तत्त्वज्ञान विभागातून 'परामर्श' निघतं. ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य शिकायला कुठून कुठून मुलं येतात. १९८८ च्या आसपास तर या माळावर विज्ञानाचं वारंच शिरलं. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर उभी राहिलेली सी-डॅक इथलीच, १९९१ चा परम ८००० त्यांचाच. जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली, इमारत चार्ल्स कोरियांची. आणि आमच्या खोडदच्या त्या तीस मोठ्या तबकड्या, ज्यांच्याकडे बघत आम्ही लहानाचे मोठे झालो असं आमच्या तालुक्यातली पोरं सांगतात, त्या चालवणाऱ्या एनसीआरएचं ऑफिसही याच आवारात. या संस्थांचा कारभार विद्यापीठापासून वेगळा, पण जमीन ही आणि शेजारही हाच.

आता नावाचं. विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं २०१४ च्या ऑगस्टमध्ये. पण त्याच्या बऱ्याच आधी, १९८७ मध्ये सुरू झालेल्या इथल्या स्त्री अभ्यास केंद्राला ते होतं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र. प्रा. शर्मिला रेगे यांनी तिथं जात आणि बाईपण एकत्र अभ्यासायचा पाया घातला. इंग्रजी न येणारी, गावाकडून आलेली मुलगी वर्गात गप्प का बसते, हा त्यांच्या दृष्टीनं अभ्यासाचा विषय होता. २०१३ च्या जुलैत त्या गेल्या आणि वर्षभरानं सगळ्या विद्यापीठाची पाटी बदलली. मुख्य इमारतीसमोरचा सावित्रीबाईंचा पुतळा २०२२ चा.

मला काळजी वेगळीच आहे. विभागांमधल्या मंजूर जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावर गाडा चाललाय, हे काही गुपित नाही. राष्ट्रीय क्रमवारीत २०२५ मध्ये विद्यापीठ घसरलं तेव्हा दोन दिवस बातम्या झाल्या आणि विषय संपला. सरकारं बदलली, भरतीचा प्रश्न तिथंच आहे. कायमचे शिक्षकच नसतील तर या पोरीला पुढच्या दोन वर्षांत शिकवणार कोण, याचं उत्तर मंत्रालयानं द्यायला हवं. जोतीरावांनी हंटरसाहेबाला पैशाचा हिशेब विचारला होता, तसा आपणही विचारू शकतो. साऱ्याच्या जागी आता जीएसटी आलाय, एवढाच फरक.

पोरगी 'कमवा व शिका'मध्ये नाव घालणार म्हणतेय. पुतळ्यापाशी उभी राहून तिनं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. मागे क्रेट आदळल्याचे आवाज. त्यांनी मनोरा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "मेस कुठाय गं?"

धुळे-जळगावकडची जी मंडळी १९९० च्या आधी इथं शिकायला आली असतील, त्यांनी आपल्या आठवणी जरूर लिहा. तेव्हा गावाकडून यायला किती तास लागायचे, राहायची सोय कशी केली, हे वाचायला आवडेल.