ट्राम येण्याआधी अलिबागला

बोरिवली ते विरार लोकल १९३६ साली विजेवर धावू लागली. वसईकरांची मोठी सोय झाली. पण त्या काळी वसईत एखादी नाजूक चुंबकसूची असती, तर रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या एकदिश विजेने ती हैराण झाली असती. असा पेच मुंबईत आधीच येऊन गेला होता. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जाई. पुढे सूचीवरच्या आरशातून परतणारा कवडसा फिरत्या फोटोकागदावर पडू लागला आणि तिची थरथर आपोआप उमटू लागली. घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार असे दिसताच संचालक नानाभाई मूस यांनी या नोंदी अलिबागला हलवल्या, लोखंड टाळून पोरबंदरी दगडाच्या इमारतीत. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झाले. विजेची ट्राम धावली १९०७ साली. कुलाबा शांत असतानाच दोन जागांतला फरक कळल्यामुळे जुनी नोंदमालिका नव्या मालिकेला जोडता आली. गोंगाट मिसळण्याआधी ओळखावा लागतो, हेच मूस यांनी जाणले होते.

वैज्ञानिक कॅमेऱ्याचा संवेदकही याच न्यायाने चालतो. झडप मिटून तेवढ्याच वेळाचे काळे चित्र घेतात, म्हणजे उष्णतेने आपसूक सुटणारे इलेक्ट्रॉन किती, ते कळते आणि वजा करता येते. मग संगणकच सगळा गोंगाट पुसेल, मूस यांच्यासारखी यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. पण वजा होते ती सरासरी. तिच्याभोवतीचा चढउतार उरतोच, उलट काळ्या चित्राचा चढउतार त्यात भर घालतो. प्रकाशही थेंबाथेंबाने येतो. १०,००० इलेक्ट्रॉन जमले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे शंभरावा हिस्सा. १०० जमले तर १० चा, म्हणजे थेट दहावा. अशा अंधुक चित्रावर संगणकाचा हात फिरला, तर गोंगाटाबरोबर एखादा ताराही पुसला जाईल. म्हणून संवेदक थंड करतात आणि प्रकाश जास्त वेळ साठवतात. गोंगाटापासून दूर जाण्याची ती आजची रीत.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: शांत जागा तरी किती दिवस शांत राहणार? १९०४ साली वसईच्या मिठागरांकाठी विजेच्या गाडीचा मागमूस नव्हता. बत्तीस वर्षांत तारा विरारला पोचल्या. पण यातून मूस चुकले असे ठरत नाही. शांतता एकदा मिळवून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते, एवढेच ठरते. काळी चित्रे एकदाच घेऊन कायमची वापरत नाहीत, ती पुनःपुन्हा घेतात, याचेही कारण तेच.