डेकवरची एक रात्र

थंडी सुरू झाली की आमच्या नवी मुंबईत पाहुणे येतात. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर आणि ठाण्याच्या खाडीत हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. लोक पहाटे कॅमेरे घेऊन त्यांना बघायला जातात. गेल्या डिसेंबरात ते आले आणि आम्ही दोघं निघालो. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून चार दिवस तारकर्लीला, समुद्रावर.

आता तुम्ही म्हणाल, की नवी मुंबईच्या माणसाला थंडी ती कसली आणि ऊब ती कसली! खरं आहे. थंडीत उबदार समुद्रकिनारी जाऊन राहायचं, ही कल्पना मुळात आपली नाहीच. ती युरोपातल्या थंडीने गारठलेल्या श्रीमंतांची. अठराव्या शतकात इंग्रज डॉक्टर रोग्यांना समुद्रस्नान सांगू लागले. मग पैसेवाले इंग्रज हिवाळा काढायला दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहरात जाऊ लागले. तिथल्या समुद्राकाठच्या रस्त्याला आजही 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' अशाच अर्थाचं नाव आहे. हेच इंग्रज आपल्याकडे आले तेव्हा त्यांची अडचण उलटी झाली. इथे ऊब नको होती, गारवा हवा होता. म्हणून त्यांनी महाबळेश्वर वसवलं, १८५० मध्ये मॅलेटसाहेबाने माथेरान शोधलं, १९०७ मध्ये नेरळहून तिथे छोटी गाडीही गेली. आपल्या मध्यमवर्गानेही तेच उचललं. 'हवापालट' म्हटलं की डोळ्यांपुढे डोंगर यायचा. समुद्र कोणाच्या डोक्यात नसे.

आणि कोकणातल्या माणसाला तर समुद्राचं काय कौतुक? माझी आजी (बाबांची आई) मालवणजवळच्या गावातली. घरापासून दर्या पंधरा मिनिटांवर. लहानपणी सुट्टीत गेलो की आम्ही मुंबईची मुलं समुद्रावर जायचा हट्ट धरायचो. ती म्हणायची, "दर्यात बघूक काय आसा?" तिच्यासाठी समुद्र म्हणजे मासे, नारळाला घालायचं खत, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला घेऊन जाणारी वाट.

ही शेवटची गोष्ट मला समजायला बरीच वर्षं लागली.

मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि त्यांना माणसं पुरवणारा सगळ्यांत मोठा जिल्हा ठरला रत्नागिरी. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत त्यातच होता.) जमीन डोंगराळ, तुकड्यातुकड्यांची, त्यातही खोतांची मालकी. पाऊस भरपूर, पण पीक चार महिन्यांचं. म्हणून पुरुष मुंबईला जायचे आणि बायका, म्हातारी माणसं, मुलं, गुरं मागे राहायची. पुरुषांनी गिरणगावात एकेका खोलीत वीस-पंचवीस जणांनी राहायचं, पाळीपाळीने झोपायचं, खाणावळीत जेवायचं आणि महिन्याला मनिऑर्डर करायची. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून कोणी मुलींच्या जन्माबद्दल खूश होईल. मला त्यात ओसरीवर एकट्या बसलेल्या बायका दिसतात.

या दोन जगांना जोडणारी गोष्ट म्हणजे आगबोट. मुंबईहून निघायची आणि दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत मालवण-वेंगुर्ल्याकडे जायची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही या किनाऱ्यावरची बडी कंपनी. तिच्याशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर दुसरी कंपनी काढली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. किती प्रेमाचं नाव! तिच्या बोटींना संतांची नावं होती. त्यातलीच 'रामदास' १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. आमच्या आजीकडे त्या वर्षानंतर बोटीचं नाव काढलं की आधी देवाला हात जोडले जात.

बरं, बोट बंदराला लागायची असंही नाही. बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. शिडीवरून चढायचं, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, रडणारी पोरं. डेकवर अंथरूण टाकून जागा धरायची. थोड्याच वेळात निम्मी माणसं आडवी. मराठीत आपण आजही 'गाडी लागली' म्हणतो ना? त्याच्याही आधी 'बोट लागायची'. पावसाळ्यात तर ही वाट बंदच. मग कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि तिथून घाट उतरून खाली. १९४८ मध्ये एसटी आली तरी हा वळसा बरीच वर्षं सुटला नाही, कारण किनाऱ्याला समांतर जायचं तर वाटेत खाड्याच खाड्या.

आता आमच्या घरची गोष्ट. आजोबांचं लग्न १९४२ मधलं. ते परळच्या एका गिरणीत होते, १९७२ ला निवृत्त झाले. वर्षातून दोनदा घरी यायचे, गणपतीला पंधरा दिवस आणि उन्हाळ्यात महिनाभर. माझे बाबा म्हणायचे, "आमचे बाबा म्हणजे वर्षातून दोनदा येणारा पाहुणा. आला की आई चांगलं जेवण करायची, म्हणून तो आम्हांला आवडायचा." हसत सांगायचे, पण दरवेळी शब्द तेच असायचे.

एकदा मी कागदावर हिशेब मांडला. वर्षाला पंचेचाळीस दिवस, तीस वर्षं. साडेतेराशे दिवस. म्हणजे तीस वर्षांच्या संसारात आजी-आजोबा एका छपराखाली पुरती चार वर्षंही राहिले नाहीत.

त्यांनी दोघांनी मिळून केलेला प्रवास फक्त एक. १९५९ च्या दिवाळीनंतर आजोबांना विषमज्वर झाला. तार आली तशी आजी दिराबरोबर बोटीने मुंबईला गेली. आयुष्यात पहिल्यांदा. दीड महिना त्या खोलीत राहिली. बाकीच्या पुरुषांनी तिच्यासाठी कोपऱ्यात लुगड्याचा पडदा बांधून दिला होता. नवऱ्याची शुश्रूषा केली आणि बाकीच्यांनाही जेवायला घातलं. "राणीचा बाग बघलंय," एवढंच तिचं मुंबईदर्शन. जानेवारीत आजोबांना बिनपगारी रजा मिळाली आणि दोघं बोटीने गावी निघाले.

डेकवर उघड्यावर जागा मिळाली. समुद्रावरचा जानेवारीतला वारा. एक घोंगडी, दोन माणसं. रत्नागिरी यायच्या आधीच आजीला बोट लागली. रात्रभर ती ओकत होती आणि नुकता आजारातून उठलेला माणूस तिच्याजवळ बसून होता. ही गोष्ट तिने मला माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात सांगितली, १९९५ मध्ये, तांदूळ निवडताना. मी थट्टेने विचारलं, "म्हणजे तुझं हनिमूनच की गं ते!" ती हसली नाही. म्हणाली, "त्या राती तेंनी माझा डोक्या धरल्यानी. रातभर." आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

आजी २००४ मध्ये गेली. त्यानंतर तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त काय आठवत असेल तर हे एक वाक्य.

यानंतरचा इतिहास तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव मोडत गेलं. माझे बाबा त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात लागले होते. सिडकोची स्थापना १९७० ची. आगरी-कोळी गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर तिने नवं शहर उभं केलं. (ज्यांच्या त्या जमिनी होत्या त्यांची कथा वेगळी आहे. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. आमच्या घराखाली कुणाचं तरी शेत होतं, हे विसरून चालत नाही.) त्या शहरात बाबांना छोटंसं घर मिळालं आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती आईला गावाहून आणण्याची. आमच्या घराण्यात नवरा-बायको बारा महिने एकत्र राहण्याची ही पहिलीच पिढी. आम्हांला हे इतकं साधं वाटायचं, की त्यालाही एक इतिहास आहे हे सुचलंच नाही.

बोटी मागे पडत गेल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत संपल्या. रेल्वे मात्र यायला वेळ लागला. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून मधु दंडवते, राजापूरच्या या दोन्ही खासदारांनी कोकण रेल्वेचा पाठपुरावा केला. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना महामंडळ निघालं, श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि कचेरी आली आमच्या बेलापूरला. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. पानवलचा ६४ मीटर उंच पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि ज्या वाटेवर आजीने रात्रभर ओकाऱ्या काढल्या ती वाट एका झोपेची झाली. दंडवत्यांचं आणखी एक काम इथे सांगायलाच हवं. १९७७ ते ७९ मध्ये रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. लांबच्या प्रवासात ज्याची पाठ टेकते त्याने हे लक्षात ठेवावं.

त्याआधी १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. शेजारी गोव्याचं उदाहरण होतंच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, मागोमाग हिप्पी आले, पुढे युरोपातून थंडीत खास विमानं येऊ लागली. नीसमध्ये सुरू झालेला प्रकार असा शेवटी आमच्या आजीच्या दर्यापर्यंत पोचला.

तर आम्ही रात्री पनवेलला कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरलो. मालवणात सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, सोलकढी प्यालो, तारकर्लीच्या वाळूत बसलो. लोकांना सांगितलं होतं सहल. खरं कारण वेगळं होतं. ह्यांना मस्कतला तीन वर्षांची नोकरी आली होती. वय छपन्न. पगार इथल्या अडीचपट. घराचं कर्ज आहे, लेकीचं शिक्षण चालू आहे. सासूबाईंचं दुखणं बघता मला इथेच राहावं लागणार होतं. आठ दिवसांत होय किंवा नाही कळवायचं होतं आणि घरात त्या विषयावर आम्ही दोघंही वाक्य पूर्ण करत नव्हतो.

दुसऱ्या संध्याकाळी पाण्याकडे बघत मी विचारलं, "रजा किती?"

"वर्षाला तीस दिवस."

मी काहीच बोलले नाही. पण आजीच्या हिशेबाचा तो कागद त्यांनीही पाहिलेला होता. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "म्हणजे तुझ्या आजोबांपेक्षाही पंधरा दिवस कमी."

हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. मला कोणाला नावं ठेवायची नाहीत. आजही कितीतरी घरं अशा वाटणीवर उभी आहेत, पूर्वी मुंबई होती, आता आखात आहे. आजोबा वाईट नव्हते. त्यांना दुसरा मार्ग नव्हता, आणि आजीला तर कोणी विचारलंच नव्हतं. आम्हांला मात्र मार्ग होता आणि आम्ही एकमेकांना विचारू शकत होतो. फरक एवढाच, पण तो पडायला तीन पिढ्या लागल्या.

परत आल्यावर ह्यांनी नाही म्हणून कळवलं. कर्ज आणखी चार वर्षं चालेल, लेकीला शिष्यवृत्तीसाठी धडपडावं लागेल. हा निर्णय बरोबर ठरेल का, माहीत नाही. नातेवाईकांपैकी ज्यांना हे अजून कळलं नव्हतं त्यांना आता कळलंच, तेव्हा फोन करून उपदेश करायला हरकत नाही!

येताना गाडीत रत्नागिरीच्या आसपास मला जाग आली. ह्यांना झोप लागली होती आणि चादर खाली घसरली होती. ती वर ओढून दिली. बाहेर अंधार होता, समुद्र काही दिसत नव्हता.