पगार वाढला की माणसे कमी होतात?

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय तसा साधाच. वॉचमन पुरवणाऱ्या कंत्राटदाराने कळवले होते की किमान वेतनावरचा सरकारी विशेष भत्ता वाढला (तो दर सहा महिन्यांनी बदलतो), तेव्हा माणशी रक्कम वाढवून द्यावी लागेल. लगेच एक गृहस्थ म्हणाले, "मग तिघांऐवजी दोघे ठेवू, कॅमेरे बसवू. पगार वाढवला की माणसे कमी होणारच. आपल्या गिरण्यांचे काय झाले ते पाहिलेत ना?"

हे शेवटचे वाक्य मला लागले. १९७४ पासून निवृत्त होईपर्यंत मी लालबागच्या एका शाळेत इतिहास शिकवला. वर्गातली निम्मीअधिक मुले गिरणीकामगारांची. "गिरण्या पगारांनी खाल्ल्या" हे मी इतक्यांदा ऐकले आहे की म्हटले, एकदा हिशोब मांडूनच पाहावा.

मालकांची ही तक्रार जुनीच. १९२८ साली एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत असा आग्रह सुरू झाला आणि एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. पुढे मंदी आली. मजुरी कापली गेली, त्यातून १९३४ चा संप झाला. गंमत अशी की ज्या वर्षांत मजुरी खाली आली, त्याच वर्षांत अनेक गिरण्यांचे दरवाजेही बंद राहिले. मजुरी उतरली म्हणून रोजगार वाढला असे काही घडले नाही. कापडाला गिऱ्हाईकच नसेल तर स्वस्त कामगार घेऊन मालक करणार काय?

खरी परीक्षा १९४७ ची. त्या वर्षी औद्योगिक न्यायालयाच्या दिवेटिया निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतली मजुरी एकसारखी केली. २६ दिवसांच्या कामाला कमीत कमी ३० रुपये मूळ पगार, वर महागाई भत्ता. तोपर्यंत एकाच कामाला या गिरणीत एक दर आणि शेजारच्या गिरणीत दुसरा, असा कारभार होता. आता सगळ्यांच्या पायाखाली एकच जमीन आली. मग गिरणगाव ओस पडले का? नाही. पस्तीस वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर संप झाला, तेव्हा साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या अडीच लाखांत बदली कामगार पुष्कळ होते. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. दर ठरलेला होता, पण दिवस ठरलेले नव्हते. महिन्यात बारा दिवस भरले तर बाराच दिवसांचा पगार. मालकाने पगाराचा भार हलका करायचा ठरवले तर तो माणूस काढतोच असे नाही, त्याचे दिवस कमी करतो. म्हणून नुसती डोकी मोजून हा प्रश्न सुटत नाही.

आणि मग भिवंडी. लालबागपासून पन्नास किलोमीटरच्या आत. १९५० च्या दशकात सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या वाढवण्यावर निर्बंध घातले, यंत्रमागांना मात्र करात सवलती मिळत राहिल्या. भिवंडीत, मालेगावात माग वाढत गेले, त्यातले कित्येक मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. तिथे बारा तासांची पाळी, मजुरी नगावर. किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून देशात होता, पण शेडच्या आत जाऊन तो पाळला जातो का हे पाहणार कोण?

१९८२ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववीतला एक मुलगा फी भरू शकला नाही. त्याचे वडील विणकर. विचारले तर म्हणाला, "बाबा भिवंडीला जातात सर. रात्रपाळीला." संपावरचा माणूस तिथे जाऊन कमी पैशांत माग चालवत होता, आणि गिरण्यांचे मालक भिवंडीतूनच कापड विणून घेऊन त्यावर आपले शिक्के मारत होते. मला त्या दिवशी यातला अर्थ कळला नाही. मी फी भरली आणि वर्गावर गेलो.

अर्थ कळला बऱ्याच वर्षांनी, अमेरिकेतली एक गोष्ट वाचताना. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंट केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने वाढवले नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० खाणावळी तपासल्या (बर्गर विकणारी दुकाने, पण खाणावळीच की!) आणि १९९४ साली लिहिले की वाढीमुळे नोकऱ्या घटल्याचे दिसत नाही. यावर पुष्कळ वाद झाला. कार्ड यांना २०२१ चे नोबेल मिळाले, क्रूगर तोवर हयात नव्हते.

आता पाहा, बर्गर जिथे खायचा तिथेच भाजावा लागतो. कापडाचे तसे नाही. ते लालबागला विणा की भिवंडीला, टेम्पोत घालून मंगळदास मार्केटला आणता येते. म्हणून एका गावात पगाराला तळ बांधला आणि खाडीपलीकडे भोक ठेवले, तर काम त्या भोकातून वाहून जाणारच. तेव्हा त्या गृहस्थांचे वाक्य अर्धे खरे आहे. पगाराचा फरक होता. पण फरक दोन्ही टोकांनी पडतो. मुंबईचा पगार जास्त होता असे म्हणण्याऐवजी भिवंडीचा फार कमी होता असे कोणी का म्हणत नाही? शिवाय जुनी यंत्रे, दुसऱ्या धंद्यात वळवलेला नफा, आणि पुढे १९९१ च्या नियमांनी मोकळ्या झालेल्या गिरण्यांच्या जमिनी. सोन्याच्या भावाच्या जमिनीवर धोतरे कोण विणणार? २०१९ च्या वेतन संहितेत केंद्राने तळाची पातळी ठरवावी आणि राज्यांनी त्याखाली जाऊ नये अशी तरतूद आली, हे मला म्हणूनच बरे वाटते. अर्थात शेडमध्ये जाऊन पाहणारा इन्स्पेक्टर हवाच.

असो. आमच्या गेटची राखण भिवंडीत बसून करता येत नाही, ही वॉचमनची जमेची बाजू. पण कॅमेऱ्याला पगार लागत नाही, हेही मला मान्य करावे लागते. मी मीटिंगमध्ये एवढे सगळे बोललो नाही. फक्त हिशोब सांगितला की अठ्ठावीस घरांत वाटले तर घरटी महिन्याला पन्नास-साठ रुपये येतात, आणि माझ्या पेन्शनवरचा महागाई भत्ता दर खेपेस वाढतो तेव्हा मला कोणी विचारत नाही की त्यामुळे कुणाची नोकरी गेली.

वाढीव दर सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. कॅमेऱ्यांचा विषय पुढच्या महिन्यावर ठेवला आहे.