काचेआडचा माणूस

डॉ. डॉनॉल थॉमस यांनी १९५७ साली अस्थिमज्जा-रोपणाचे पहिले प्रयत्न जाहीर केले, तेव्हा एकही रुग्ण फार काळ जगला नव्हता. १९६८ मध्ये मिनेसोटात एका बाळाला बहिणीच्या मज्जेने जीवदान मिळाले. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात भारतातले पहिले रोपण झाले आणि १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळाले. ही झाली शरीराची कथा.

मनाची कथा मागून आली. रोपणाआधीच्या औषधांनी रुग्णाची प्रतिकारशक्ती संपते, म्हणून त्याला आठवडेच्या आठवडे शुद्ध हवेच्या खोलीत ठेवत. जंतू बाहेर राहिले, पण माणसेही बाहेरच राहिली. न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली अशा खोल्यांतील रुग्णांचा अभ्यास मांडला. माणसाच्या स्पर्शाला मुकणे त्यांना फार जड गेले होते. १९९२ मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉ. कॅरन सिरजाला यांनी संमोहनाने तोंडातल्या असह्य वेदना कमी होतात असे दाखवले. म्हणजे मनाला आधार देणे हा उपचाराचाच भाग ठरला.

सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक. जुळली नाही तर भावंडाला हळहळ, जुळूनही रोपण फसले तर अपराधी भाव. आपल्याकडे तर भाऊ पुण्यात, बहीण न्यू जर्सीत! म्हणून मंडळी, अशा घरी नुसता डबा पोचवून थांबू नका. दात्याची आणि उशाशी बसणाऱ्याचीही विचारपूस करा.